कॅमेऱ्याआधी जागा

शहापूर, बेळगाव

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. गोमुखाला जायचंय, वितळणाऱ्या हिमनद्यांचे फोटो काढायचेत, तर कुठला कॅमेरा घेऊ, असं विचारलंयस. आहे तोच ने. तुला खरी गरज आहे ती एका जाड वहीची, मोजायच्या टेपची आणि त्याच जागी परत जायच्या चिकाटीची. पहिल्या दोन वस्तू खडेबाजारात मिळतात.

सोबत पाठवलेले रोहतांगचे फोटो पाहिले. उजेड छान पकडलायस. पण तो मे महिन्यातला बर्फ हिवाळ्यात पडलेला आहे आणि उन्हाळ्यात तो जायचाच, आमच्या लहानपणीही जायचा. हिमनदी वेगळी. वर्षानुवर्षं साठून, दबून घट्ट झालेला बर्फ स्वतःच्या वजनानं उताराला लागतो, ती हिमनदी. तिचं अंग उघडं दिसतं ते सप्टेंबरच्या अखेरीस, जुना हिवाळी बर्फ गेलेला आणि नवा अजून पडलेला नसतो तेव्हा. मेमध्ये जाशील तर पांढरी चादर टिपून येशील आणि खाली ‘वितळता हिमालय’ लिहिशील. तसं करू नकोस.

एकट्या फोटोनं फार काही कळत नाही. शेताची मोजणी करायला आलेला सर्व्हेअर आधी हद्दीचा जुना दगड शोधतो, साखळी नंतर टाकतो. हे काम तसंच आहे. 1935 साली जे. बी. ऑडन या भूवैज्ञानिकानं गंगोत्री हिमनदीच्या मुखाशी, म्हणजे तिच्या खालच्या टोकाला गोमुखापाशी, प्लेन टेबल (तिवईवरचा मोजणीचा फळा) लावून नकाशा केला. तो नकाशा होता म्हणून पुढच्यांना ताडून पाहता आलं, आणि 1996 पर्यंत हे मुख वर्षाला सरासरी 19 मीटरच्या आसपास मागे गेल्याचं सांगता आलं. एव्हरेस्टच्या उत्तरेला रोंगबुक हिमनदी आहे. तिचा 1921 मध्ये गिर्यारोहक मॅलरीनं काढलेला फोटो घेऊन छायाचित्रकार डेव्हिड ब्रेशिअर्स 2007 साली नेमका त्याच कड्यावर जाऊन उभा राहिला. मॅलरीच्या फोटोत बर्फाचे सुळके आहेत, तिथं आता दगडगोटे दिसतात. बर्फाची पातळी शंभरेक मीटर खाली गेलेली. त्या जोडीत ब्रेशिअर्सच्या कॅमेऱ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यानं तो कडा शोधून काढला.

जागा कशी शोधायची ते नीट समजून घे. जीपीएसवर विसंबू नकोस, तो चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. जुन्या फोटोत जवळचा एखादा खडक घे आणि लांबच्या कड्याची एक खाच घे. खडकाचा कोपरा त्या खाचेच्या नेमका खाली येतो का, ते बघ. येत नसेल तर एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे. मग फोटोच्या दुसऱ्या टोकाला अशीच दुसरी जोडी घे. दोन्ही जोड्या एकदम जुळल्या की तू त्या माणसाच्या जागी उभी आहेस. उंची राहिली असेल तर कॅमेरा वरखाली कर. यात अख्खी सकाळ जाते, सोबतचे वैतागतात, खुशाल वैतागू देत. मग लिहून ठेव: तारीख, वेळ, लेन्स, जमिनीपासून कॅमेऱ्याची उंची, तोंड कुठल्या दिशेला. झूम टाळ. एकच ठरलेली लेन्स वापर, म्हणजे वीस वर्षांनी दुसऱ्या कुणालाही तोच फोटो काढता येईल. तू तरुण आहेस, पण ही वही तुझ्यानंतरच्यांसाठीही आहे.

आणि फरक दिसला नाही तरी तो फोटो फेकू नकोस. काराकोरम पर्वतरांगेत व्हित्तोरिओ सेल्ला या छायाचित्रकारानं 1909 साली बाल्तोरो हिमनदीचे फोटो काढले होते. शंभर वर्षांनी तिथून परत काढले तर कॉन्कॉर्डियाच्या, म्हणजे तिथल्या हिमनद्यांच्या संगमाच्या, आसपास फारसा बदल नव्हता. काराकोरमच्या हिमनद्या इतरांसारख्या का आटल्या नाहीत, यावर शास्त्रज्ञांनी पुष्कळ डोकं खपवलंय. उलट दगडमातीखाली झाकलेल्या हिमनदीचं मुख जागच्या जागी राहतं आणि पोट खपाटीला जातं. नुसत्या मुखाचा फोटो काढलास तर ते निसटेल. वरून, गोमुखाच्या वरच्या तपोवनाच्या पठाराच्या बाजूनंही काढ.

फोटोखालची ओळ लिहिताना मात्र जपून. 2017 मध्ये उपाशी, हाडं निघालेल्या एका ध्रुवीय अस्वलाचा व्हिडिओ जगभर फिरला, ‘हवामानबदल असा दिसतो’ अशा अर्थाच्या ओळीसकट. ते अस्वल कशानं खंगलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षी नॅशनल जिओग्राफिकनं त्या ओळीबाबत आपण जास्त बोलून गेलो, असं कबूल केलं. हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसीसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2007 च्या अहवालातही हिमालयातल्या हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होतील असं छापून गेलं, आणि 2010 मध्ये ते मागं घ्यावं लागलं. हवामानबदल न मानणाऱ्यांना असलं एक वाक्य वर्षानुवर्षं पुरतं. खरे आकडे काय कमी आहेत? हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्यांनी 2011 ते 2020 या दशकात आधीच्या दशकापेक्षा 65 टक्के जास्त वेगानं बर्फ गमावला.

आता इथलं. सप्टेंबरला अवकाश आहे, तोवर हात इथं बसव. आपल्या नद्यांना बर्फ ठाऊक नाही. कणकुंबीला उगवणारी मलप्रभा काय किंवा घटप्रभा काय, सगळा कारभार पावसावर. तरी काम तेच. घरातले जुने आल्बम काढ. गोकाकच्या धबधब्यापुढं उभं राहून फोटो काढला नाही असं बेळगावात घर सापडायचं नाही. मागं स्टुडिओचा शिक्का, क्वचित तारीखही असते. त्याच जागी, त्याच महिन्यात जाऊन उभी राहा. पण पाणी कमी दिसलं म्हणून लगेच हवामानावर घालू नकोस. वर हिडकलचं धरण आहे, पाणी सोडायचं की नाही ते तिथं ठरतं. राकसकोपच्या जलाशयाचंही तसंच, अर्धं शहर ते पाणी पितं. वहीत धरणाची त्या दिवशीची पातळी लिहिली नसेल तर त्या फोटोला मी विचारणार नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं. निपाणीकडच्या, चिकोडी-अथणीकडच्या गावांत भिंतींवर त्या पुराच्या खुणा अजून असतील, रंग देऊन झाला नसेल तर. जाऊन विचार, ‘पाणी कुठवर आलतं?’ लोक हात लावून दाखवतात, ‘हितवर आलतं बगा.’ त्या हातासकट फोटो काढ, शेजारी टेप धर, भिंत कुणाची ते विचारून घे. यळ्ळूरच्या शिवारात बळ्ळारी नाल्याचं पाणी भाताच्या पिकात घुसतं, तेही एका बांधावरून दर पावसाळ्यात काढत जा. कंटाळा येईल. हिमनदीचंही काम इतकंच कंटाळवाणं असतं, फक्त थंडी जास्त.

थंडीवरून आठवलं. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेव. बर्फावर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो, पांढऱ्याचं करडं करतो. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढव. तंबूत शिरण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांध, नाहीतर आत दव धरेल. गोमुखाच्या वाटेला परवाना लागतो आणि दिवसाला ठरावीकच माणसं सोडतात, तेव्हा तिकिटाआधी ते बघ. मुखाच्या अगदी खाली जाऊ नकोस, वरून दगड आणि बर्फाचे तुकडे सुटतात. फोटोसाठी तर नाहीच.

परत आलीस की फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नकोस. तारीख, वेळ, लेन्स सगळं पुसून जातं त्यात. कार्ड आणि वही घेऊन दुकानात ये, सोमवार सोडून कधीही.

बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका