नाव वाचण्याआधी ओळखू येणारे चेहरे

प्रश्न : प्राचीन ख्रिस्ती संतांच्या आयकॉनमध्ये, म्हणजे लाकडी फळीवरील पूज्य प्रतिमांमध्ये, संत पेत्र आणि संत पौल नाव न वाचताही ओळखू येतात. त्यांच्या हयातीतले एकही चित्र उपलब्ध नसताना सगळ्या चित्रकारांनी त्यांना तेच चेहरे कसे दिले? आणि हुतात्म्यांच्या हाती बहुधा फक्त एक लहानसा क्रूस का असतो?

उत्तर : हे चेहरे फार लवकर ठरून गेले. रोममध्ये संत थेक्लाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भुयारी दफनभूमीत २००९ आणि २०१० मध्ये भिंतीवर साचलेला चुन्याचा थर लेझरने काढला, तेव्हा चौथ्या शतकाच्या अखेरीची प्रेषितांची चित्रे उजेडात आली; त्यांतला पौल टक्कल पडलेला आणि टोकदार काळ्या दाढीचा आहे. दुसऱ्या शतकातील एका ग्रंथात त्याचे वर्णन ठेंगणा, टकला आणि किंचित बाकदार नाकाचा असे येते, आणि चित्रकारांनी पुढे जवळपास तोच पौल जपला. पेत्राला मात्र आखूड, कुरळे पांढरे केस आणि तोकडी दाढी मिळाली.

पेत्राची सर्वांत बोलकी प्रतिमा सीनाय पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरिन मठात आहे. सहाव्या शतकातील हे चित्र वितळलेल्या मेणात कालवलेल्या रंगांचे आहे. पेत्राच्या एका हातात किल्ल्या आहेत, कारण मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू त्याला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या देण्याचे वचन देतो. दुसऱ्या हातात उंच दांड्याचा क्रूस आहे. गालांवरचे आणि केसांमधले रंगाचे फटकारे इतके जिवंत आहेत की समोर एक थकलेला, पण ठाम वृद्ध उभा असल्याचा भास होतो. आठव्या आणि नवव्या शतकांत बायझंटाइन साम्राज्यात प्रतिमाभंजनाच्या काळात असंख्य आयकॉन नष्ट झाले. हा मठ तेव्हा साम्राज्याच्या सत्तेबाहेर असल्यामुळे ही प्रतिमा आपल्यापर्यंत पोहोचली.

आता क्रूसाविषयी. पाश्चात्त्य चित्रकलेत संत लॉरेन्सच्या हाती त्याला ज्यावर भाजले असे मानतात ती लोखंडी जाळी दिसते, म्हणजे छळाच्या साधनावरून संत ओळखायचा. पूर्वेकडील परंपरेत वेदनेचा हा तपशील सहसा गाळला जातो आणि साध्या क्रूसातून एवढेच सांगितले जाते की या व्यक्तीने विश्वासासाठी प्राण दिला. हा संयम मला अधिक भिडतो. इतर खुणाही अशाच मोजक्या आहेत : वैद्य असलेल्या कॉस्मास आणि डेमियन यांच्याजवळ औषधांची पेटी आणि चमचा असतो, तर बिशपच्या खांद्यांवर क्रूसांकित रुंद पट्टा असतो आणि शुभवर्तमानाचा ग्रंथ त्याने पुष्कळदा उघड्या हाताने न धरता वस्त्राच्या आडून धरलेला असतो.

तरीही क्रूस हाती घेतलेल्या अनेक हुतात्म्यांना केवळ खुणांवरून वेगळे ओळखता येत नाही. म्हणून प्रतिमेवर नाव लिहिले जाते आणि परंपरेनुसार त्याशिवाय आयकॉन पूर्ण मानला जात नाही. ७८७ मधील निकेआच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने प्रतिमेला दिलेला मान तिच्यात दाखवलेल्या व्यक्तीपर्यंत पोहोचतो असे ठरवले. मग समोर नेमके कोण आहे, हे भाविकाला निःसंशय कळायलाच हवे.