‘रोखठोक’मधला रोख कोणता?

प्रश्न असा: ‘बोलण्याचा रोख’ आणि ‘रोखठोक’ यांतला रोख एकच का? विचारणाऱ्याने फोडही दिली आहे, रोखून ठोकायचे ते रोखठोक. फोड ऐकायला झकास आहे, पण ती चुकीची आहे.

‘बोलण्याचा रोख’ हा फारसी ‘रुख’वरून आला. रुख म्हणजे चेहरा आणि चेहरा वळलेला असतो ती दिशा. नजर रोखणे, बंदूक रोखणे हेही त्याच घरातले. ‘रोखठोक’मधला रोख मात्र पैशाचा. माल हाती घ्यायचा, पैसे तिथल्या तिथे मोजायचे, वहीत नाव चढवायचे नाही. ‘ठोक’सुद्धा बाजारातच वावरतो: ठोक भाव, ठोक खरेदी. ‘रोखठोक व्यवहार’ आपण अजून म्हणतो, आणि तोच व्यवहार पुढे बोलण्याला लागला. सांगायचे ते आत्ता आणि समोर, उधारी नाही.

म्हणूनच रोखठोकपणाचा चढ्या आवाजाशी संबंध नाही. ‘हे काम माझ्याच्याने होणार नाही’ असे पहिल्याच भेटीत शांतपणे सांगणारा माणूस रोखठोक. आठ दिवस ‘बघतो, करतो’ म्हणत राहून नवव्या दिवशी चारचौघांत ओरडणारा फार तर फटकळ. अलीकडे या दोघांना एकाच मापाने मोजतात, ते मला फार खटकते. चांगला शब्द त्याने बदनाम होतो.

‘कुणाचा मुलाहिजा न ठेवता’ यातला मुलाहिजा अरबी. त्याच्या मुळाशी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहणे आहे. ‘लिहाज’ त्याचाच भाऊ. बोलता बोलता समोरच्याच्या चेहऱ्याकडे हळूच पाहून शब्द गिळणारा माणूस आठवा, म्हणजे अर्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘आडपडदा’मध्ये आपला ‘आड’ आणि फारसी ‘पर्दा’ शेजारी बसले आहेत.

उलट बाजूला ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’. ताक मागायला दारात उभे, पण भांडे पदराआड. इकडच्या तिकडच्या गप्पा चालल्या आहेत, आणि आत बसलेलीला पदराखालचा फुगवटा दिसतो आहे. मागायला आल्याचे दोघींनाही ठाऊक असते, फक्त शब्द निघत नाही.

आणखी एक गफलत: ‘तोंडात तीळ भिजत नाही’ हे स्पष्टवक्त्याला लावू नये. तीळ भिजण्याइतका वेळही ज्याच्या तोंडात गुपित टिकत नाही, त्याच्यासाठी ते आहे. रोखठोक माणूस स्वतःचे मत सांगतो, हा दुसऱ्याचे गुपित.