आरोग्य केंद्रात बाळंतपण फुकट असूनही बायका तालुक्याला खासगी दवाखान्यात का जातात?

पैशापेक्षा भरवशासाठी जातात. मी आशा म्हणून काम करते, त्यामुळे घरोघरी हेच ऐकते: "ऐनवेळी पुढे पाठवलं तर?" ही भीती अगदीच खोटी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधं बाळंतपण होतं, सिझेरियन होत नाही. त्यासाठी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठावं लागतं (काही ग्रामीण रुग्णालयांतही सोय असते). मग सासू म्हणते, रात्री दोन ठिकाणी फिरण्यापेक्षा आधीच तालुक्याला जाऊ. दुसरं कारण बायका हळू आवाजात सांगतात: तपासायला पुरुष डॉक्टर असतात, आडोसा धड नसतो, कळा सुरू असताना कुणीतरी खेकसतं. ते वर्षभर लक्षात राहतं आणि जावेलाही सांगितलं जातं.

खर्चाचं म्हणाल तर २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात हे मोफत आहे:
- औषधं, तपासण्या, रक्त, सिझेरियनसुद्धा
- जेवण: साध्या बाळंतपणाला ३ दिवस, सिझेरियनला ७ दिवस
- १०२ ची गाडी: आणायला, पुढे न्यायला, घरी सोडायला

पुष्कळ घरांना परतीच्या गाडीचं माहीतच नसतं, मग भाड्याची जीप करतात.

अर्थात सगळीकडे असं नाही. जिथे सिस्टर केंद्रातच राहतात आणि रात्री दार उघडतात, तिथे शेजारच्या गावच्या बायकाही येतात.