लांब पल्ल्याच्या स्नायपर रायफलीला कुठली कॅलिबर बरी, ७.६२, .३३८ की .५०?

तुम्ही विचारलंय की या तिघांतली चांगली कुठली, आणि सरळ सगळ्यात मोठीच का घेत नाहीत. मी इन्फंट्रीत होतो, काही वर्षं ड्रॅगुनोव्ह ही रशियन स्नायपर रायफल माझ्याकडे होती, त्यामुळे यावर मनापासून लिहितोय.

पहिलं म्हणजे नुसत्या जाडीवर (कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी, ७.६२ मिलिमीटरमध्ये, .३३८ आणि .५० इंचात) जाऊ नका. गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात कुठपर्यंत जाते ते बघा, कारण तो वेग जिथे उतरतो तिथे ती डगमगायला लागते आणि मग निशाण्याची खात्री संपते. ७.६२ नाटोची (नाटो देशांच्या सैन्याचं काडतूस) गोळी नळीतून सेकंदाला साधारण ८०० मीटरने सुटते, पण सपाटीच्या भागात हजार मीटर गाठायच्या आतबाहेरच ती त्या हद्दीवर येते. .३३८ लापुआची २५० ग्रेनची, म्हणजे सोळा ग्रॅमची गोळी लांबट आणि जड असते, हवा कापत जाते, ती १३०० मीटरच्या पुढेही वेग टिकवते. हे काडतूस मुळात हजार मीटरवर चिलखत भेदायचं म्हणूनच १९८० च्या दशकात बनायला घेतलं होतं.

आणि खरा शत्रू वारा. गोळी किती खाली येणार ते टेबलमध्ये मिळतं, पण वारा नाल्यात एक, धारेवर दुसरा आणि समोरच्या उतारावर तिसराच असतो, दुर्बिणीतून वाळलेलं गवत कुठे झुकतंय आणि मृगजळ कुठल्या बाजूला वाहतंय ते बघत बसावं लागतं. आडवा साडेचार मीटर प्रतिसेकंद वारा असला तर हजार मीटरवर ७.६२ दोन मीटरपेक्षा जास्त सरकते, .३३८ दीड मीटरच्या आसपास. अंदाज थोडा चुकला तरी .३३८ सांभाळून घेते, हाच तिचा मोठा फायदा.

ड्रॅगुनोव्हची ७.६२×५४ आर ही वेगळी, १८९१ पासूनची रशियन गोळी, रायफल १९६३ ची. ८०० मीटरच्या आत मी आजही तिला नाव ठेवणार नाही, हलकी आहे, पटकन दुसरा राउंड जातो. पण एलओसीवर समोरची पोस्ट त्यापलीकडे असते, म्हणून २०१९ मध्ये आपल्या सैन्याने .३३८ ची बेरेटा घेतली ते एकदम बरोबर झालं असं मला वाटतं. सोबत .५० ची बॅरेटही घेतली, पण ती माणसापेक्षा गाडी, रडार, बंकर यांच्यासाठी. ते काडतूस मूळचं मशीनगनचं, एकेक राउंड शंभर ग्रॅमच्या वर, रायफल दहा किलोच्या पुढे, आणि चढावर ते सगळं पाठीवर न्यायचं असतं. आपली भारतीय बनावटीची विध्वंसक रायफलही त्याच कामाची.

उंचीवर हवा विरळ असते त्यामुळे कुठलीही गोळी जास्त लांब जाते, सपाटीवरचं झिरोइंग, म्हणजे साईट निशाण्याला जुळवून घेणं, तिथे चालत नाही हेही ध्यानात ठेवा.

शेवटचं काडतुसाच्या लॉटबद्दल, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेल्या काडतुसांबद्दल, कारण कॅलिबर निवडताना हे कुणी विचारत नाही. एकदा आम्हाला त्याच कॅलिबरचा दुसरा लॉट आला, ६०० मीटरवर सगळे राउंड वीतभर खाली पडले, आम्ही तासभर साईटला दोष देत बसलो. मग पुंगळ्या उचलून खालचे शिक्के बघितले तेव्हा कळलं. त्या दिवसापासून मी एका लॉटचे राउंड वेगळ्या पाऊचमध्ये ठेवायचो.