उत्तर आयर्लंडमध्ये मिरवणुकीचा मार्ग कोण ठरवतं? पोलिस की सरकार?

दोघंही नाही. १९९८ च्या कायद्याने तिथे स्वतंत्र परेड्स कमिशन आहे. मिरवणुकीची सूचना साधारण २८ दिवस आधी द्यावी लागते. मार्ग वादग्रस्त असेल तर कमिशन अटी घालतं. त्याच वर्षी पोर्टाडाउनमधल्या कॅथलिक वस्तीच्या गार्वाघी रोडवरून ऑरेंज ऑर्डर या प्रोटेस्टंट संघटनेला जायला मनाई झाली आणि मोठा तणाव उसळला. पोलिसांचं काम फक्त अंमलबजावणी. त्यांच्यावर देखरेखीला पोलिसिंग बोर्ड, तक्रारींसाठी वेगळा ओम्बड्समन (लोकपाल).

मला खटकतं ते असं: २०१० मध्ये पोलिस आणि न्याय खातं बेलफास्टच्या स्थानिक सरकारकडे आलं, पण मिरवणुका लंडनच्याच अखत्यारीत राहिल्या. कमिशनचे सदस्यही ब्रिटिश मंत्रीच नेमतो. म्हणजे स्थानिक आमदार ओरडायला मोकळे, उत्तरदायी मात्र नाहीत! निर्णय पटला नाही तर हायकोर्टात जाता येतं.