एफ५ दाबलं की फाइल सापडत नाही

प्रश्न : सप्रेम नमस्कार. बँकेतून निवृत्त झाल्यापासून कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. मेंटेनन्सच्या पावत्या काढायला पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत तो चालतो. आधी 'हिशोब' फोल्डरमध्ये जातो, मुलीने शिकवलेली 'सेट पायथन-यूटीएफ८ बरोबर १' ही ओळ टाइप करतो, मग प्रोग्रॅमचं नाव आणि त्यापुढे महिना. पण एका फ्लॅटची थकबाकी दोनदा धरली जाते आहे. ती चूक शोधायला व्हीएस कोड या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ५ दाबलं, तर 'फाइल सापडली नाही'. सदस्यांची यादी तर तिथेच आहे! ती बाहेरच्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवली, तर 'चारमॅप' असं काहीतरी लिहिलेला लांबलचक संदेश. संगणक तोच, प्रोग्रॅम तोच, मग हा फरक का?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : पत्र अतिशय नेमकं लिहिलंत, आणि उत्तराचा मोठा भाग त्यातच आहे. 'आधी फोल्डरमध्ये जातो, एक ओळ टाइप करतो, पुढे महिना लिहितो.' ही तीन कामं तुमचे हात सवयीने करतात. एफ५ला यातलं काहीही माहीत नाही. हातांना जे पाठ आहे ते एका फाइलमध्ये लिहून ठेवलं, की डीबगरही (एफ५ने सुरू होणारं चुका शोधायचं साधन) प्रोग्रॅम अगदी तुमच्यासारखाच सुरू करेल. त्या फाइलचं नाव लाँच.जेसन.

इथे छपाईच्या सोयीसाठी सगळे शब्द देवनागरीत देते आहे. तुम्ही ते रोमन अक्षरांत लिहा, आणि लहान-मोठी अक्षरं व्हीएस कोड सुचवेल तशीच ठेवा.

व्हीएस कोडमध्ये नुसती फाइल उघडू नका, फोल्डर उघडा. डावीकडच्या पट्टीत त्रिकोण आणि किड्याचं चित्र आहे, ते 'रन अँड डीबग'. तिथे लाँच.जेसन तयार करण्याचा दुवा दिसेल. तो दाबून पायथन डीबगर आणि मग पायथन फाइल निवडा. उघडलेल्या फोल्डरच्या आत 'टिंब व्हीएसकोड' नावाचा फोल्डर तयार होतो आणि लाँच.जेसन त्यात जाऊन बसते. आत 'कॉन्फिगरेशन्स' नावाची यादी असते. यादीतल्या प्रत्येक नोंदीला तीन गोष्टी लागतातच : टाइप, म्हणजे कोणता डीबगर, रिक्वेस्ट, म्हणजे प्रोग्रॅम नव्याने सुरू करायचा की आधीच चालू असलेल्याला जोडून घ्यायचं, आणि नेम, म्हणजे वरच्या यादीत दिसणारं नाव. पायथनसाठी टाइप आता 'डीबगपाय' असा लिहितात. जुन्या व्हिडिओंमध्ये तिथे 'पायथन' दिसेल, ते घेऊ नका.

आता हरवलेल्या यादीकडे येऊ. तुमचा प्रोग्रॅम नुसतं नाव घेऊन यादी मागतो, पूर्ण पत्ता देत नाही. अशा वेळी शोध सुरू होतो तो प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये 'उभा' आहे तिथून. प्रोग्रॅमची फाइल कुठे ठेवली आहे याच्याशी त्या शोधाचा संबंध नसतो. कुणाला 'डावीकडची दुसरी गल्ली' असं सांगितलं, तर तो अलका चौकात उभा आहे की दांडेकर पुलावर, यावर तो कुठे पोचणार ते ठरतं. टर्मिनलमध्ये तुम्ही आधी 'हिशोब'मध्ये जाऊन उभे राहता. व्हीएस कोडमध्ये मात्र तुम्ही त्याच्या बाहेरचा, सोसायटीचा मोठा फोल्डर उघडला असणार, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर पायथनचा डीबगर तिथेच उभा राहतो. यादी बाहेर ठेवल्यावर निदान ती सापडली, यावरून हेच दिसतं.

तरीही माझ्या शब्दावर विसंबू नका, प्रोग्रॅमलाच विचारा. पहिल्या ओळीशेजारी, आकड्यांच्या डावीकडे क्लिक करा. लाल ठिपका येईल, तो ब्रेकपॉइंट. एफ५ दाबा. प्रोग्रॅम थांबला की खालच्या डीबग कन्सोलमध्ये आधी 'इम्पोर्ट ओएस' आणि मग 'ओएस.गेट-सीडब्ल्यूडी' कंसांसह टाइप करा. उत्तरात फोल्डरचा पूर्ण पत्ता येईल. अशी कोणतीही अडचण आली की मी हेच सर्वांत आधी करते. अंदाज बांधत बसण्यात दुपार जाते, विचारायला मिनिटही लागत नाही.

खात्री झाली की नोंदीत 'सीडब्ल्यूडी' ही कळ, म्हणजे प्रोग्रॅमने कुठे उभं राहायचं ते सांगणाऱ्या सेटिंगचं नाव, घाला. किंमत म्हणून डॉलरचं चिन्ह, महिरपी कंसात वर्कस्पेस-फोल्डर, मग तिरकी रेघ आणि हिशोब फोल्डरचं नाव. उघडलेल्या फोल्डरचा पत्ता व्हीएस कोड तिथे आपोआप भरतो. विंडोजवरही पुढे झुकणारी साधी तिरकी रेघच वापरा. उलटी रेघ जेसनमध्ये दुहेरी लिहावी लागते, आणि तिथे हमखास घोळ होतो.

'प्रोग्रॅम' ही कळही बदला. आयत्या नोंदीत तिथे 'फाइल' असतं, म्हणजे त्या क्षणी पडद्यावर उघडी असलेली फाइल. तुम्ही पावतीची मांडणी करणारी दुसरी फाइल वाचत असताना एफ५ दाबलंत, तर मुख्य प्रोग्रॅमऐवजी तीच चालेल. तिथे मुख्य फाइलचा पत्ता पक्का लिहून टाका.

महिना 'आर्ग्ज'मध्ये जातो. ही चौकोनी कंसातली यादी असते आणि प्रत्येक शब्द वेगळ्या अवतरणचिन्हांत लिहायचा असतो. दोन शब्द एकाच अवतरणात लिहिले, तर प्रोग्रॅमला ते एकच मूल्य म्हणून मिळतात. दर महिन्याला फाइल उघडायची नसेल, तर खाली 'इनपुट्स' नावाची यादी करून त्यात 'पिक-स्ट्रिंग' प्रकाराने बाराही महिने द्या, आणि 'आर्ग्ज'मध्ये महिन्याच्या जागी त्या इनपुटचा उल्लेख करा. मग एफ५ दाबल्यावर महिन्यांची यादी समोर येईल आणि त्यातला एक निवडता येईल.

राहिली मुलीने शिकवलेली ओळ, आणि त्या ओळीतच चारमॅपचं कोडं आहे. ती ओळ टाइप केलेल्या खिडकीपुरतीच लागू असते. एफ५ स्वतःचं नवं टर्मिनल उघडतं आणि तिथे ती ओळ कुणी टाइप केलेली नसते. मग इंग्रजी मांडणीच्या विंडोजवर पायथन तुमची मराठी यादी १२५२ नावाच्या जुन्या पाश्चात्त्य संकेतातली समजून वाचू लागतो. तुमची यादी मात्र यूटीएफ-८ या, सगळ्या लिप्या सामावणाऱ्या संकेतात आहे, आणि त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ह्रस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१ आणि पाय मोडायच्या खुणेचा ८डी, आणि १२५२मध्ये या दोन्ही जागा रिकाम्या आहेत. ए, ऐ आणि झ यांचंही तेच. म्हणून यादीत नुसते जोशी, पाटील, देशपांडे, शिंदे असले तर वाचन बिनतक्रार पार पडतं, फक्त नावांच्या जागी अगम्य चिन्हं येतात. एक कुलकर्णी आले की वाचन तिथेच थांबतं, कारण त्या नावात उकारही आहे आणि रफारातला पाय मोडलेला र देखील. तुमच्या संदेशात ८१ किंवा ८डी लिहिलेलं आहे का ते जरूर पाहा.

लाँच.जेसनमध्ये 'एन्व्ह' या कळीखाली पायथन-यूटीएफ८ला १ अशी किंमत दिलीत, की मुलीची ओळ कायमची नोंदली गेली. पण खरा उपाय प्रोग्रॅममध्येच करायला हवा : जिथे यादी उघडता तिथे 'एन्कोडिंग'ला यूटीएफ-८ सांगा. यादी एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' या साध्या मजकुराच्या प्रकारात जतन केली असेल, तर यूटीएफ-८-सिग सांगा. एक्सेल सुरुवातीला एक अदृश्य खूण घालतं, ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते, आणि मग समोर दिसणारा रकाना प्रोग्रॅमला सापडत नाही. उद्या खजिनदारपद दुसऱ्या कुणाकडे गेलं, तर त्यांना ना ओळ ठाऊक असेल ना लाँच.जेसन. प्रोग्रॅम त्यांच्याकडेही चालायला हवा.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ती दोनदा धरलेली थकबाकी. थकबाकी मिळवणाऱ्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावलात तर तो प्रत्येक फ्लॅटला थांबेल आणि तुम्ही कंटाळून जाल. ठिपक्याच्या जागी उजवं क्लिक करून अटीचा ब्रेकपॉइंट घ्या आणि अट लिहा : फ्लॅट बरोबर बरोबर 'बी-२०४', किंवा तुमचा जो क्रमांक असेल तो. सीएसव्हीतून आलेली प्रत्येक गोष्ट मजकूर असते, म्हणून क्रमांक नुसता आकडा असला तरी अवतरणात लिहा. आता प्रोग्रॅम फक्त त्या फ्लॅटला थांबेल. पहिल्यांदा थांबला की डावीकडचा 'कॉल स्टॅक' पाहून घ्या. या ओळीपर्यंत कोण कुठून आलं, ते तिथे पायरीपायरीने लिहिलेलं असतं. एफ५ दाबून पुढे जा. पुन्हा थांबला की कॉल स्टॅक पुन्हा पाहा. दोन्ही वेळा वाट एकच असेल, तर यादीत तो फ्लॅट दोनदा आहे. वाटा वेगळ्या असतील, तर प्रोग्रॅममध्ये दोन ठिकाणांहून थकबाकी मिळवली जाते आहे. पैशांचा हिशोब आहे, तेव्हा सभासदांपुढे पावती ठेवण्याआधी एवढी तपासणी कराच.

प्रश्न : ताई, मी धनकवडीत खोली घेऊन राहते, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पीएमपीच्या बसमार्गांवर आमच्या गटाचा प्रोजेक्ट आहे. 'क्लायंट' फोल्डरमध्ये ब्राउझरमधल्या पानांसाठी रिअ‍ॅक्ट आणि व्हीट, 'सर्व्हर'मध्ये नोड, म्हणजे ब्राउझरबाहेर चालणारी जावास्क्रिप्ट. एफ५ दाबलं की क्रोम उघडतं पण पान येत नाही. ब्रेकपॉइंटचा ठिपकाही लाल भरलेला न राहता पोकळ आणि राखाडी होतो. काय चुकतंय?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : क्रोमची नोंद फक्त ब्राउझर उघडते. पान पुरवणारा व्हीटचा सर्व्हर सुरू करणं तिचं काम नाही. आधी टर्मिनलमध्ये 'क्लायंट'मध्ये जाऊन 'एनपीएम रन डेव्ह' चालव, मग एफ५. नोंदीतल्या यूआरएलमध्ये पोर्ट कोणतं आहे तेही पाहा. व्हीटचं नेहमीचं पोर्ट ५१७३ आहे, आणि आयत्या नोंदीत बहुतेकदा ८०८० असतं. व्हीट सुरू होताना जो पत्ता छापतं, तोच तिथे उतरवून घे.

पोकळ ठिपक्याचा अर्थ असा, की तू दाखवलेली ओळ चालू प्रोग्रॅममध्ये कुठे आहे ते डीबगरला कळलेलं नाही. तुमच्या मांडणीत याचं कारण बहुधा 'वेब-रूट' असेल. तो नुसता वर्कस्पेस-फोल्डर ठेवलास तर डीबगर फाइली बाहेरच्या फोल्डरमध्ये शोधतो. त्यापुढे क्लायंट जोड. ठिपका ज्या घटकाच्या कोडमध्ये लावला आहे त्याचं पान ब्राउझरमध्ये अजून उघडलंच नसेल, तरीही ठिपका पोकळ दिसतो. तेव्हा आधी त्या पानावर जाऊन बघ.

नोडसाठी सुरुवातीला नोंद लिहूच नकोस. टर्मिनलच्या अधिक चिन्हाशेजारच्या बाणातून 'जावास्क्रिप्ट डीबग टर्मिनल' उघड आणि सर्व्हर नेहमीसारखा सुरू कर. त्या टर्मिनलमधून सुरू झालेल्या प्रत्येक नोड प्रोग्रॅमला डीबगर आपणहून जोडला जातो. हे जमलं की मग दोन्हींच्या नोंदी करा आणि खाली 'कंपाउंड्स'मध्ये त्यांची नावं एकत्र लिहा. मग एका एफ५ने दोन्ही सुरू होतात. तिथे 'स्टॉप-ऑल' खरं ठेवलंस तर थांबवतानाही दोन्ही एकदम थांबतात. बसथांबा शोधल्याची विनंती ब्राउझरमधून निघून सर्व्हरवर पोचते, तो सगळा प्रवास मग एकाच पडद्यावर ओळीओळीने पाहता येतो. गटातल्या सगळ्यांनी एकत्र बसून तो एकदा तरी पाहा. आपण लिहिलेला कोड दुसऱ्याच्या कोडला कुठे भेटतो, ते तेव्हा नीट समजतं.

आणखी एक गोष्ट. एफ५ने उघडलेलं क्रोम वेगळ्या प्रोफाइलमध्ये असतं, त्यामुळे तिथे तुझं नेहमीचं लॉगिन दिसणार नाही. ते बिघडलेलं नाही.

प्रश्न : बाणेरला आमची छोटी टीम आहे. लाँच.जेसन गिटमध्ये, म्हणजे टीमच्या सामायिक कोडसाठ्यात, टाकावी की दुर्लक्षित फाइलींच्या यादीत घालावी, यावर आमच्यात एकमत होत नाही.
— एक वाचक, बाणेर

उत्तर : गिटमध्ये टाका, असं माझं ठाम मत आहे. टीममध्ये नवीन मुलगा किंवा मुलगी आली, की प्रोजेक्ट कसा सुरू करायचा हे शेजारच्याला विचारण्यात त्यांचे सुरुवातीचे दिवस जातात, आणि पुन्हापुन्हा विचारायला संकोच वाटतो म्हणून काहीजण गप्प बसतात. फोल्डर उघडून एफ५ दाबलं आणि प्रोग्रॅम चालला, तर पहिल्याच दिवशी त्यांना कामाला हात घालता येतो. त्यासाठी नोंदींमध्ये कुणाच्या संगणकावरचा पूर्ण पत्ता नको, सगळं वर्कस्पेस-फोल्डरपासून लिहा. जेसन असूनही या फाइलमध्ये दोन तिरक्या रेघा देऊन टिपा लिहिता येतात. कोणती नोंद कशासाठी, ते तिथेच मराठीत लिहिलंत तरी चालेल.

पासवर्ड आणि गुप्त कळा मात्र 'एन्व्ह'मध्ये कधीही लिहू नका. त्या वेगळ्या 'टिंब एन्व्ह' फाइलमध्ये ठेवा, नोंदीत 'एन्व्ह-फाइल' या कळीने तिचा पत्ता द्या, आणि ती फाइल गिटच्या दुर्लक्षित यादीत घाला. तिच्या शेजारी, किमती रिकाम्या ठेवलेली एक नमुना फाइल गिटमध्ये असू द्या. एखादा पासवर्ड आधीच गिटमध्ये गेला असेल तर नुसती ओळ पुसू नका, कारण जुन्या कमिटमध्ये, म्हणजे गिटने आधी जतन केलेल्या प्रतीत, तो तसाच राहतो. आधी पासवर्ड बदला.