चुकलं तर कोण निस्तरणार?

चि. हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या तीन टॉवरांची तुलना तू एआयकडून करून घेतलीस आणि तक्ता मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलास. तक्ता देखणा आहे. ताब्याची तारीख, कार्पेट (घराच्या आतली वापरायची जागा), पाणी, मेट्रोपासूनचं अंतर, सगळ्या रकान्यांत छातीठोक उत्तरं आहेत. ती आली कुठून, हे मात्र एकाही रकान्यात नाही. (मेट्रो ‘पाच मिनिटांवर’ म्हणे. पहाटे पाचला की सकाळी नऊला?) आईबाबांची पीएफची पुंजी यात जाणार आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

माहिती हातात पडली की मी एकच विचारतो: ही चुकीची निघाली तर कोण निस्तरणार? ब्रोकरने लिहवून घेतलेल्या लेखाचं कुणी निस्तरत नाही. असे पाच-पंचवीस लेख चाळून यंत्राने काढलेल्या गोषवाऱ्याचंही नाही. ‘चुका होऊ शकतात’ असं ते बारीक अक्षरांत सांगून मोकळं होतं.

आता महारेराचं, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचं, संकेतस्थळ उघड. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो स्कॅन केलास की थेट प्रकल्पाच्या पानावर जातेस. तिथे काम पूर्ण होण्याची मूळ तारीख बघ आणि मग सुधारित तारीख. त्या दोहोंमधलं अंतर जाहिरातीत कधीच छापत नाहीत. मग कार्पेट क्षेत्रफळ बघ, सेल्सच्या पोराने तोंडी सांगितलेलं नव्हे. मग चालू खटले, जमिनीच्या मालकीहक्काचा वकिली अहवाल, प्रकल्पावरचा कर्जाचा बोजा. पीडीएफ रटाळ असतात, वकिली इंग्रजीत असतात. तरी वाच. अडेल तिथे एआयला जरूर विचार, पण ते पीडीएफ त्याच्यापुढे ठेवून विचार आणि ‘कुठल्या पानावर आहे ते दाखव’ म्हण. त्या कामाला ते फार चांगलं आहे, उगाच नावं ठेवणार नाही.

एक लक्षात असू दे, महारेराच्या पानावरची माहिती बिल्डरनेच भरलेली असते. सरकारी माणूस जाऊन विटा मोजून आलेला नसतो. तरीही मी तिच्यावर जास्त भिस्त ठेवतो, कारण २०१६ च्या रेरा कायद्यात खोट्या माहितीला प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. टॉवरच्या खर्चाचे ५ टक्के म्हणजे चेष्टा नव्हे. लिहिणाऱ्याचं काहीतरी अडकलेलं असतं, तिथे तो हात राखून लिहितो.

दुसरं, खऱ्या आकड्यालाही जागा लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. ‘मुंबईत किती पडला?’ याची दोन्ही उत्तरं खरी. तुझ्या तक्त्यातलं ‘पाणीपुरवठा चांगला’ हे तसलंच. कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, ऑगस्टात की मे महिन्यात?

आईला मात्र एवढा पाढा नको. तिला फक्त सांग, बँकेचा नंबर गुगलवर शोधायचा नाही, कार्डाच्या मागचाच लावायचा. आणि फसवणुकीत पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

पुढचं मला जास्त छळतं. आता गुगलवर शोधलं की वरच एआयचा आयता गोषवारा मिळतो, खालच्या पानापर्यंत फारसं कुणी जात नाही. ते पान जाहिरातींवर जगत होतं. माणसं यायची थांबली की ते बंद पडतं आणि महापालिकेच्या महासभेला दिवसभर बसून चार ओळी लिहिणारा बातमीदारही जातो. मग पुढच्या वर्षी यंत्र शिकणार कशावरून? दुसऱ्या यंत्राने लिहिलेल्यावरून. इंग्रजीतला साठा मोठा, तिथे हे जाणवायला वेळ लागेल. मराठीत आधीच लिहिलेलं थोडं, त्यात घोडबंदर रोडवरच्या कासारवडवली, वाघबीळ, ओवळ्याबद्दल तर नखभर. तुमच्या पिढीला टोकियोच्या गल्लीबोळांची माहिती असेल आणि स्वतःच्या वॉर्डाबद्दल मात्र बिल्डरने पैसे देऊन लिहवलं तेवढीच.

तेव्हा एक काम कर. टॉवरशेजारी माणसं राहायला आलेली एखादी सोसायटी गाठ. आधी वॉचमनशी बोल, दिवसाला किती टँकर येतात ते त्याला तोंडपाठ असतं. मग सेक्रेटरींना भेटून मेन्टेनन्सच्या हिशेबात टँकरचा खर्च महिन्यावारी बघायला माग. काही देतील, काही वस्कन अंगावर येतील. जे मिळेल ते मराठीत, इमारतीच्या नावानिशी, तारीख घालून, सगळ्यांना सापडेल अशा जागी लिही. खाली तुझं नाव घाल. चूक निघाली तर तिथेच दुरुस्ती लिही, आधीचं पुसू नकोस.

त्यावर बिल्डरच्या ऑफिसातून फोन आलाच, तर नंबर माझा दे. मी रिकामाच असतो.

तुझा,
काका